संकेत, पत आणि वायदा : गोदाकाठच्या भरदिवसाच्या भेटी

नकाशा उघडा, पैठणवर बोट ठेवा आणि तेथून आग्नेयेला, धाराशिव जिल्ह्यातील तेरपर्यंत, सरळ रेघ ओढा. ही रेघ जवळजवळ बीड शहरावरून जाते.

पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेली ‘पेरिप्लस’ ही सागरी व्यापाराची पुस्तिका दख्खनमधील दोन बाजारपेठा ठळकपणे नोंदवते. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. पैठणहून मौल्यवान खडे जात, तगरहून साधे कापड आणि मलमल. आणि हा सगळा माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून बंदराकडे नेला जाई.

मित्रहो, आजचा धागा त्या मालाविषयी नाही. त्या वाटेवर भरदुपारी पाणी पिण्यासाठी थांबलेला एक वाटसरू आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतणारी एक स्त्री, एवढाच आजचा विषय आहे. तो दोन हजार वर्षे जुना आहे, आणि तुमच्या मोबाइलवर रोज दिसणाऱ्या एका ताज्या विषयाशी त्याचे जवळचे नाते आहे.

तो ताजा विषय आधी सांगतो. २००५ साली नील स्ट्रॉस या अमेरिकी पत्रकाराचे ‘द गेम’ हे पुस्तक आले आणि अनोळखी स्त्रियांशी ओळख कशी करावी याचे ‘शास्त्र’ शिकवणाऱ्यांचा धंदा जगभर प्रकाशात आला. त्यात दिवसा भेटण्याची, म्हणजे रस्त्यावर, बसथांब्यावर, पुस्तकांच्या दुकानात बोलणे सुरू करण्याची, वेगळी शाखा निघाली. या शाखेची परिभाषा पाहा: स्वतःचे ‘बाजारमूल्य’, जोखीम आणि परतावा, तोटा वेळीच कापणे, नकाराची भीती जिंकणे. निम्मे शब्द मानसशास्त्राचे, निम्मे शेअर बाजाराचे. मराठी तरुणांसाठीही आता याच्या चित्रफिती निघतात.

या साहित्याची टवाळी करणे सोपे आहे. मला ती करायची नाही, कारण त्यामागचा प्रश्न खरा आहे. दोन अनोळखी माणसे उजेडात, चारचौघांच्या देखत, एकमेकांच्या मनाचा अंदाज कसा घेतात? आणि अंदाज चुकला तर किंमत कोण मोजतो? या प्रश्नाचा आपल्या मुलखातील सर्वांत जुना दफ्तरखाना महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्याचे नाव ‘गाथासप्तशती’.

सातवाहन राजा हाल याच्या नावावर हा संग्रह आहे. दोन ओळींच्या सुमारे सातशे गाथा. प्रत्येक स्वतंत्र, प्रत्येकीत एखादा क्षण. त्याचा गाभा सातवाहन काळातला असून पुढील काही शतके त्यात भर पडत गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने १८७० आणि १८८१ साली त्याच्या आवृत्त्या काढल्या. वेगवेगळ्या पाठपरंपरा एकत्र केल्यावर त्याच्यापाशी ९६४ गाथा जमल्या, आणि सर्व परंपरांत समान अशा ४३० च निघाल्या. मराठीत स. आ. जोगळेकरांची १९५६ ची आवृत्ती आहे. तिची प्रस्तावना हा एक स्वतंत्र ग्रंथच म्हणावा.

गाथांतली नदी गोदावरी आहे. हीच गोदावरी आज गेवराई, माजलगाव आणि परळी तालुक्यांची उत्तर सीमा आहे. गाथांतली पिके भात, तीळ, ताग, ऊस आणि कापूस. माणसे मात्र दरबारातली नाहीत. शेतकरी, पाटलाची सून, शिकारी, सासू, दीर, आणि पुन्हा पुन्हा येणारा ‘पथिक’, म्हणजे वाटसरू. या वाटसरूला मी पैठण–तेर वाटेवर उभा करतो तो माझ्या सोयीसाठी. गाथा त्याला गाव देत नाहीत.

आता पाणपोईवर जाऊ. (‘पाणपोई’तली ‘पोई’ म्हणजे संस्कृत ‘प्रपा’. शब्द घासला, वस्तू टिकली.) वाटसरू ओंजळ लावून पाणी पितो आहे, पण त्याची नजर पाण्यावर नाही, वर, पाणी घालणारीच्या चेहऱ्यावर आहे. पाणी लवकर संपू नये म्हणून त्याने बोटे फाकवली आहेत. पाणी गळते आहे आणि पिणे लांबते आहे. ती हे पाहते. मुळातच बारीक असलेली धार ती आणखी बारीक करते. गाथा इथे संपते. कोणी कोणाशी एक शब्द बोललेले नाही.

१९७३ साली मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने नोकरीच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. पुढे त्याला नोबेल मिळाले. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: समोरच्याच्या मनातले किंवा अंगातले आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण खुणांवर विसंबतो, पण खूण विश्वासार्ह ठरते ती तिला काही किंमत पडत असेल तरच. फुकटची खूण कोणीही करील. पाणपोईवरची खूण फुकटची नाही. तहानलेला माणूस उन्हात पाणी सांडतो आहे. ती बाई एका वाटसरूवर दहा जणांचा वेळ घालवते आहे. आणि तरीही दोघांनाही हात झटकून मोकळे होता येते: त्याची बोटे सहज फाकली असतील, तिचा घडा जड झाला असेल.

मराठीत याला नेमका शब्द आहे: संकेत. तो खूणही आहे आणि ठरवलेली भेटही. ‘संकेतस्थळ’ हा शब्द आपण आज वेबसाइटसाठी वापरतो. काव्यशास्त्रात तो प्रेमिकांनी ठरवलेल्या जागेसाठी होता. शासनाच्या परिपत्रकांत तो शब्द दिसला की मला हसू येते, ते यामुळे.

सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी ‘कुवलयानंद’ या अलंकारग्रंथात हाच पाणपोईचा प्रसंग संस्कृतात उतरवला. कोणत्या अलंकाराचे उदाहरण म्हणून? ‘अन्योन्य’. म्हणजे दोघांनी एकमेकांवर केलेला उपकार. दिवसा भेटण्याचे जे ‘शास्त्र’ आज विकले जाते, त्यात नेमका हाच अलंकार गायब असतो. तिथे एक खेळाडू असतो आणि एक लक्ष्य. गाथेत बोटे फाकवणे जेवढे महत्त्वाचे, तेवढेच धार बारीक करणेही. तिने धार जाड केली असती, तर पाणी भराभर पिऊन निघून जाण्यापलीकडे त्या वाटसरूला काही उरले नसते, आणि त्यात कोणाची शोभाही झाली नसती.

दुसरी गाथा अधिक प्रसिद्ध आणि अधिक धीट आहे. संध्याकाळ व्हायची आहे. मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला घरातली सून बजावते आहे: सासूबाई इथे झोपतात, मी तिथे झोपते, बाबा, तुला रातांधळेपणा आहे, तेव्हा दिवस आहे तोवर नीट पाहून ठेव, रात्री आमच्या अंथरुणावर येऊन पडशील! शब्दांवर गेलात तर ही सोवळ्या घरातली ताकीद आहे. सासू शेजारी बसून ऐकत असली तरी तिला आक्षेप घेता येणार नाही. पण दिवसाउजेडी जागा दाखवून ठेवण्याचे प्रयोजन पाहुण्याला कळायचे ते कळते. न कळले, तर ताकीद ती ताकीदच.

नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला तेव्हा शब्दार्थाच्या पलीकडचा अर्थ म्हणजे ‘ध्वनी’ सिद्ध करण्यासाठी त्याने आरंभीच ही गाथा घेतली. तिच्या जोडीला आणखी एक गाथा घेतली, आणि ती तर थेट गोदावरीची आहे. एक भाविक गृहस्थ नदीकाठच्या झाडीत फुले तोडायला जातो. ती झाडी एका स्त्रीची संकेतस्थळी आहे. ती त्याला सांगते, महाराज, खुशाल हिंडा. तुम्ही ज्या कुत्र्याला भीत होता, त्याला गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने आजच मारले. शब्दांत आमंत्रण, अर्थात बंदी.

अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ ग्रंथात प्रतिवाद केला. ध्वनी वगैरे वेगळी शक्ती कशाला मानायची? हे साधे अनुमान आहे: भित्रा माणूस, झाडीत सिंह, म्हणून तो जाणार नाही. त्याला मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त दिलेले उत्तर मला या साऱ्या वादाचे शिखर वाटते. तो म्हणतो, अनुमान पक्के कुठे आहे? भित्रा माणूसही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रियेच्या ओढीने भीतीच्या जागी जातो. कुत्र्याला जो केवळ विटाळासाठी टाळतो, तो सिंहाला भिणार नाही, असेही होईल. आणि मुळात झाडीत सिंह आहे हे पाहिले कोणी? त्याला आधार फक्त त्या बाईच्या शब्दाचा, आणि शब्द म्हणजे वस्तुस्थितीची हमी नव्हे.

गोदाकाठच्या एका बाईने केलेल्या बहाण्यावर काश्मीरचे तीन पंडित दोन शतके वाद घालत होते! आणि त्या वादाचा गाभा आधुनिक आहे: दुसऱ्याच्या मनाविषयी आपण जे ‘ओळखतो’, ते निश्चित ज्ञान नसते, ती अनिश्चिततेवर लावलेली बोली असते. २००८ साली स्टीव्हन पिंकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आडवळणाच्या बोलण्याचे तर्कशास्त्र मांडणारा निबंध लिहिला. त्यांचेही म्हणणे असे, की नाजूक प्रस्ताव माणूस आडून मांडतो, कारण समोरच्याला तो नको असेल तर दोघांनाही नामानिराळे राहता आले पाहिजे. हिशेब जमला तर लाभ, न जमला तर भांडण नाही. वित्तव्यवहारात याला ‘ऑप्शन’ म्हणतात: थोडी रक्कम भरून विकत घेतलेला असा हक्क, जो बजावण्याचे बंधन नसते. त्याची किंमत काढण्याचे फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचे सूत्रही १९७३ चेच. सुनेने त्या संध्याकाळी पाहुण्याला दिला तो नेमका असा हक्क होता. फरक एवढाच, की तो देताना स्वतःच्या अब्रूचा विमा तिने आधीच उतरवून ठेवला होता.

तिला विमा का लागला? इथे गाथांकडून थोडा वेळ दूर जाऊ.

१९७८ साली अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या आवारात रसेल क्लार्क यांच्या विद्यार्थ्यांनी एक प्रयोग केला. तो एलेन हॅटफील्ड यांच्यासह १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसा, आवारात, अनोळखी माणसाला थांबवायचे, तुम्ही मला आवडलात असे सांगायचे आणि तीनपैकी एक प्रश्न विचारायचा. आज संध्याकाळी बाहेर भेटाल का, या प्रश्नाला ५६ टक्के स्त्रिया आणि ५० टक्के पुरुष हो म्हणाले. थेट शय्यासोबतीच्या प्रश्नाला ७५ टक्के पुरुषांनी होकार दिला. होकार देणाऱ्या स्त्रिया शून्य.

हा शून्य पुष्कळ वर्षे ‘स्त्रीस्वभावा’चा पुरावा म्हणून मिरवला गेला. पण त्याच्या शेजारचे ५६ टक्के विसरले गेले! अनोळखी पुरुषाशी भरदिवसा बोलायला, संध्याकाळी भेटायला स्त्रिया पुरुषांइतक्याच तयार होत्या, थोड्या अधिकच. २०११ मध्ये टेरी कॉनली यांनी या प्रश्नाची फेरतपासणी केली. त्यात दिसले ते असे, की असा प्रस्ताव मांडणारा अनोळखी पुरुष स्त्रियांना धोकादायक वाटतो आणि त्याच्या सोबतीत आपल्याला काही सुख मिळेल अशी त्यांची अपेक्षाही नसते. तेव्हा त्या शून्यात स्वभावापेक्षा हिशेब जास्त आहे. पुरुषाच्या खात्यात नकाराचा तोटा म्हणजे घटकाभराची नामुष्की. स्त्रीच्या खात्यात चुकीच्या होकाराचा तोटा केवढा असेल, याला तळ नाही.

सातवाहन काळही सोनेरी नव्हता, हे त्याच ओघात सांगितले पाहिजे. ‘कामसूत्रा’त वात्स्यायन रतिक्रीडेतील आघातांचे धोके सांगताना उदाहरण देतो ते कुंतल शातकर्णी सातवाहनाचे: त्याच्या हातून कात्रीच्या प्रयोगात महादेवी मलयवती मरण पावली. ज्या घराण्याच्या नावावर आपल्याकडचा सर्वांत कोवळा प्रेमसंग्रह आहे, त्याच घराण्यातली ही नोंद आहे. आणि गाथांत स्त्रीच्या तोंडी आलेले बोल स्त्रियांनीच रचले असे सरसकट धरता येत नाही. टीकाकार रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशा काही कवयित्रींची नावे देतात. बहुतेक नावे मात्र पुरुषांची आहेत. तरीही त्या पुरुषांना स्त्रीच्या जोखमीचे भान होते, ही गोष्ट लहान नाही.

आता पैशाकडे. त्या काळच्या माणसाला व्याज, ठेव, जोखीम यांची समज कितपत होती? याचे उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेले आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष ४२ मध्ये ३००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. २००० वरचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि लेख सांगतो, की वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. हिशेब चोख आहे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवला गेला. दोन श्रेणींचे दर वेगळे आहेत, यावरून ‘कोणाची पत किती’ हे तोलण्याची सवय त्या समाजात होती असे मला वाटते.

‘पत’ हा आपला शब्दही दुहेरी आहे. बँकेतली पत आणि गावातली पत. तसाच ‘वायदा’: प्रियकराने केला तर वचन, अडत्याने केला तर पुढच्या तारखेचा सौदा. भाषेने हे दोन्ही व्यवहार शेजारी शेजारी ठेवले आहेत.

वायद्याची सर्वांत सुंदर गाथा कापसाच्या शेतातली आहे. पहिल्या नांगरटीचा शुभ दिवस. नांगराची पूजा करताना एका तरुण स्त्रीचे हात थरथरताहेत, कारण मनात मनोरथ दाटले आहेत. टीकाकार खुलासा करतात: कापूस वाढून उंच होईल तेव्हा हेच शेत तिची संकेतस्थळी होणार आहे. बी अजून जमिनीत पडायचे आहे, पाऊस यायचा आहे, बोंड धरायचे आहे; आणि तिने त्या साऱ्यावर आपले मन आधीच लावून टाकले आहे. कोरडवाहू कापसाच्या मुलखातल्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. गेवराई-माजलगावकडचा शेतकरी दरवर्षी हेच करतो, फक्त त्याचे हात पूजेच्या वेळी थरथरत नाहीत, सावकाराच्या दारात थरथरतात.

दुसऱ्या एका गाथेत मैत्रीण समजूत घालते आहे. भाताची शेते पांढुरकी पडली, आता कापणी होणार, आडोसा जाणार, म्हणून ती खाली मान घालून रडते आहे. मैत्रीण म्हणते, रडतेस काय? हरताळ फासलेल्या नटीसारखे पिवळेधमक तागाचे शेत फुललेले आहेच की. गुंतवणुकीचे सल्लागार ‘सगळे एकाच ठिकाणी ठेवू नका’ हे सांगण्याचे पैसे घेतात. त्या मैत्रिणीने ते फुकट सांगितले, वर उपमाही दिली.

पण पाहा, या गाथांत मोजले जाते ते काय? मोजली जाते जागा, आडोसा, हंगाम, वेळ. स्त्रीचे ‘मूल्य’ कोणी मोजत नाही. हा फरक मला मूलभूत वाटतो. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने विवाहाला बाजार मानून त्याचा सिद्धांत मांडला, तोही १९७३ मध्येच. पण त्याच्या बाजारात दोन्ही बाजू आपापला लाभ पाहून निवड करतात. तिथून हे शब्द उसने घेणाऱ्या शिकवण्यांत निवड करणारा एकच उरला, आणि दुसरी बाजू माल झाली. दोष अर्थशास्त्राचा नाही. अर्धे पान फाडून वाचणाऱ्यांचा आहे.

बेकर, स्पेन्स, ब्लॅक आणि शोल्स आपापले निबंध छापत होते, तेव्हा मराठवाडा १९७२ च्या दुष्काळातून जात होता आणि दुष्काळी कामांवर स्त्रिया आणि पुरुष एकत्र खडी फोडत होते. भरदिवसाची भेट इथेही होत होती. पण बीड जिल्ह्यात स्त्री-पुरुषांच्या नात्याला पैशाचे गणित लागले ते दुसऱ्याच वाटेने: ऊसतोडीच्या.

ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटे माणूस म्हणजे अर्धा. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो ती कोयत्यावर, म्हणजे जोडीवर. हंगामात काम करून ती फेडायची. न फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर. एक दिवस कामावर गेले नाही तर ‘खाडा’ कापला जातो. या हिशेबात एकट्या तरुणाची पत अर्धी आहे आणि लग्न झालेल्याची पूर्ण. घरी वयात येणारी मुलगी एकटी ठेवून जाण्याची धास्तीही त्यात मिसळते. मुलींची लग्ने लवकर होण्यामागे हुंडा, गरिबी, शाळेची दूर वाट अशी आणखी कारणे आहेतच, पण उचल हे त्यातले बीडचे खास कारण आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातील विशीतल्या (२० ते २४ वयाच्या) स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्ने अठरापूर्वी झालेली आढळली.

त्यांच्यापैकी कितीजणींना पाणपोईवर धार बारीक किंवा जाड करण्याची संधी मिळाली असेल?

दुसरा आकडा जनगणनेचा आहे. ० ते ६ वयोगटात बीड जिल्ह्यात हजार मुलांमागे २००१ मध्ये ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ वर आल्या, राज्यात सर्वांत कमी. त्या वयोगटातील मुले आज तरुण होत आहेत. या धाग्याच्या वाचकांत ती असणारच. त्यांच्यातल्या मुलग्यांना चित्रफितीतले गुरू सांगतात, की तुझे बोलणे कच्चे आहे, तुझे मूल्य वाढव, नकाराची भीती सोड. त्या गुरूंना हे माहीत नसते, की हजारांतल्या १९३ जणांचा प्रश्न बोलण्याचा नाहीच. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याच्या मुली जन्मू दिल्या गेल्या नाहीत. त्या मुलींचा हिशेब मांडताना त्यांच्याकडे ‘खर्च’ म्हणून पाहिले गेले होते. हाही वित्तविचारच होता.

आणखी एक गाथा सांगून थांबतो. नवरा प्रवासाला गेला आहे. बायको भिंतीवर दिवसाची एकेक रेघ ओढते आहे. आज गेला, आज गेला, आज गेला, असे म्हणत पहिल्याच दिवसाच्या पूर्वार्धात तिने भिंत भरून टाकली. मानसशास्त्रज्ञ सांगतात, की वाट पाहणाऱ्याला जवळचा काळ दूरच्या काळापेक्षा जड लागतो. यापेक्षा नेमके ते कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. या गाथेला बहिणी आहेत. एकीत वादळी पावसात गळक्या छपराखाली उभी राहून ती मुदतीचे दिवस लिहिलेली भिंत हातांनी झाकते आहे. दुसरीत मैत्रिणी तिच्या नकळत दोन-तीन रेघा पुसून टाकताहेत, मुदत उलटल्याचे तिला कळू नये म्हणून.

त्याच गोदाकाठच्या गावांतून आज दसरा-दिवाळीनंतर ट्रॅक्टर आणि ट्रक निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. गावे अर्धी रिकामी होतात ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. पण भिंतीवर रेघा ओढायला ती मागे राहत नाही. ती त्याच ट्रॅक्टरमध्ये बसलेली असते, कारण उचल दोघांच्या नावावर आहे. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. आणि दिवस मोजतात ती मुले.